डोळ्यांसमोर पडलेले शोध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फोटोग्राफीच्या जन्माची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. पॅरिसमधला लुई दागेर हा चित्रकार चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रकाशाच्या साहाय्याने चित्र उमटवण्याच्या खटपटीत होता. एके दिवशी आभाळ भरून आले, प्रयोग अर्धवट राहिला, म्हणून त्याने तो पत्रा रसायनांच्या कपाटात ठेवून दिला. काही दिवसांनी कपाट उघडले, तर पत्र्यावर स्वच्छ चित्र! ही करामत कोणत्या रसायनाची, हे शोधण्यासाठी तो रोज एकेक बाटली बाहेर काढू लागला. सगळ्या बाटल्या संपल्या, तरी चित्र उमटतच होते. शेवटी फळीच्या कोपऱ्यात फुटक्या थर्मामीटरमधून सांडलेला पारा दिसला. पाऱ्याच्या वाफेने अदृश्य चित्र दृश्य केले होते.

गोष्ट झकास आहे आणि सांगायलाही सोपी आहे. अडचण एवढीच, की तिला त्या काळातला पुरावा नाही आणि फोटोग्राफीचे इतिहासकार तिला दंतकथाच मानतात. पाऱ्याची वाफ खरी, पण फुटका थर्मामीटर बहुधा नंतर कोणीतरी आणून ठेवलेला. तरीही ही गोष्ट दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली, कारण ती आपल्याला सोयीची आहे. शोध म्हणजे लॉटरी, ती एखाद्याला लागते आणि आपल्याला लागली नाही, असे मानले की मन स्वस्थ राहते.

आज मला या लॉटरीचाच हिशेब तपासायचा आहे. फोटोग्राफीच्या इतिहासात योगायोग आहेत, भरपूर आहेत. पण जरा जवळ जाऊन पाहिले, की एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या वस्तूंमुळे हे शोध लागले, त्या सगळ्या लोकांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे पडून होत्या. कोणी डॉक्टरच्या कपाटात, कोणी स्वयंपाकघरात, तर कोणी छापलेल्या शास्त्रीय निबंधात. त्या उचलणारा माणूस मात्र दर वेळी कामात गळ्यापर्यंत बुडालेला असे.

पहिली वस्तू म्हणजे चांदीचे क्षार. ते उजेडात काळे पडतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान शुल्ट्झ या जर्मन प्राध्यापकाने हे काम उष्णतेचे नसून प्रकाशाचे आहे हे सिद्ध केले. त्यासाठी त्याने बाटलीभोवती अक्षरे कापलेला कागद गुंडाळला आणि उन्हात ठेवून बाटलीतल्या द्रवावर ती अक्षरे उमटवून दाखवली. दुसरी वस्तू कॅमेरा. अंधाऱ्या पेटीला भोक पाडले किंवा भिंग बसवले, की समोरचे दृश्य आत उलटे पडते, हे तर चित्रकारांना त्याहूनही जुने ठाऊक होते. पेटी होती, चांदी होती. दोन्ही एकत्र आणून टिकाऊ चित्र मिळायला मात्र आणखी शंभर वर्षे लागली.

एवढा उशीर का झाला? कारण चित्र उमटवणे सोपे होते, थांबवणे कठीण. १८०२ साली इंग्लंडमध्ये टॉमस वेजवुड आणि हंफ्री डेव्ही यांनी कागदावर आणि कातड्यावर पानांच्या सावल्या उमटवल्या आणि त्यावर निबंधही छापला. पण ती चित्रे मेणबत्तीच्या मंद उजेडातच पाहावी लागत. दिवसाच्या उजेडात आणली, की न काळवंडलेला भागही काळा पडे आणि सगळा कागद कोळशासारखा होई. चित्र पाहू म्हटले की पुसले जाई.

फ्रान्समधल्या शालों गावाजवळ राहणारा निसेफोर निएप्स १८१६ पासून याच अडचणीशी झुंजत होता. चांदीच्या कागदावर चित्र मिळाले, पण टिकेना. मग त्याने चांदीचा नाद सोडला आणि भलत्याच वस्तूकडे वळला, ती म्हणजे एक प्रकारचे डांबर. हे डांबर उजेडात कडक होते. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्याचा पातळ थर द्यायचा, कॅमेऱ्यात ठेवायचा, आणि मग न कडकलेला भाग लव्हेंडरच्या तेलाच्या मिश्रणाने धुऊन काढायचा. १८२६-२७ च्या सुमारास त्याने आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरे अशी टिपली. हे कॅमेऱ्याने घेतलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र. पत्रा जेमतेम वीस सेंटिमीटर रुंद. चित्रात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते, कारण चित्र होईपर्यंत सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला होता. कॅमेरा किमान आठ तास उघडा होता असे पूर्वी मानत. कित्येक दिवस उघडा असावा, असे पुढच्या काही अभ्यासकांचे मत आहे.

१८२७ मध्ये निएप्स इंग्लंडला गेला, तेव्हा त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपले काम दाखवू पाहिले. पण तो कृती उघड करायला तयार नव्हता, आणि कृती न सांगता सोसायटी निबंध स्वीकारायला तयार नव्हती. तो पत्रा इंग्लंडमध्येच एका परिचिताकडे राहिला. पुढे तो हातोहात फिरला, विस्मरणात गेला आणि १९५२ साली हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकाराने तो शोधून काढला. आज तो अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

निएप्सने १८२९ साली दागेरशी भागीदारी केली आणि १८३३ साली तो वारला. यश त्याने पाहिले नाही. दागेरने पुढे आयोडीनची वाफ दिलेला चांदीचा पत्रा, मग पाऱ्याची वाफ, मग मिठाचे पाणी अशी एकेक पायरी गाठली. पाऱ्यापासून मिठापर्यंत पोहोचायलाच त्याला सुमारे दोन वर्षे लागली. कपाटातल्या गोष्टीत ही दोन वर्षे कुठेच नसतात. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारने दागेरला वर्षाला सहा हजार फ्रँक आणि निएप्सच्या मुलाला चार हजार फ्रँक पेन्शन देऊन हा शोध जगाला भेट म्हणून दिला. गंमत अशी, की जाहीर होण्याच्या पाचच दिवस आधी दागेरच्या वतीने इंग्लंडमध्ये मात्र त्याचे पेटंट घेतले गेले होते!

आता इंग्लंडकडे वळू. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हा सधन घरातला, गणित आणि वनस्पतिशास्त्रात रमणारा गृहस्थ. ऑक्टोबर १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी तो पत्नीसह सहलीला गेला होता. बाकीच्यांना समोरचे दृश्य छान रेखाटता येई, याचा हात मात्र अजिबात वळेना. कॅमेरा ल्युसिडा नावाचे रेखाटनाचे उपकरण वापरूनही कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघाच उमटल्या. तेव्हा त्याच्या मनात आले, की निसर्गाने स्वतःच आपले चित्र कागदावर काढले तर? चित्र काढता न येणाऱ्या माणसाच्या चडफडीतून फोटोग्राफीची दुसरी शाखा फुटली. पण इटलीत आलेला विचार आणि हातात आलेले चित्र यांच्यामध्ये दोन उन्हाळे गेले. १८३५ मध्ये आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचे पोस्टाच्या तिकिटाएवढे निगेटिव्ह त्याला मिळाले. घराभोवती तो लाकडी ठोकळ्यांसारखे छोटे कॅमेरे मांडून ठेवी. त्याची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणत असे.

टॅलबटलाही चित्र कायम कसे करावे ही अडचण होतीच. तिचे उत्तर छापून तयार होते! खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच लिहून ठेवले होते, की एक विशिष्ट क्षार चांदीचे संयुग पाण्यात साखर विरघळावी तसे विरघळवतो. आपले फोटोग्राफर ज्याला नुसते ‘हायपो’ म्हणत आले, तो हाच. निएप्स, दागेर, टॅलबट या तिघांनी जे शोधण्यात वर्षे घालवली, ते वाचनालयाच्या फळीवर होते. जानेवारी १८३९ मध्ये दागेरच्या शोधाची बातमी कानावर आली, तेव्हा हर्शेलने ही कृती न कळताही काही दिवसांतच स्वतःचे चित्र घेऊन हायपोने कायम केले. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी टॅलबट त्याच्याकडे गेला, तेव्हा हर्शेलने काही हातचे न राखता त्याला सगळे सांगून टाकले. ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ हे शब्दही या क्षेत्रात हर्शेलनेच रुजवले.

सप्टेंबर १८४० मध्ये टॅलबटने आणखी एक मोठी पायरी गाठली. कॅमेऱ्यात थोडाच वेळ ठेवलेल्या कागदावर काहीही दिसत नव्हते. त्यावर गॅलिक आम्लाचे मिश्रण फिरवताच चित्र हळूहळू वर आले. हे आम्ल ज्यापासून मिळते ते मायफळ आपल्याकडे कित्येक घरांत बाळगुटीसाठी उगाळले जाते. तुरट मायफळाचा हा गुण कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पूर्वी ज्याला तासभर लागे ते काम आता मिनिटावर आले. टॅलबटने १८४१ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि परवान्याशिवाय इतरांना ही कृती वापरता येईना.

टॅलबटच्या कागदी निगेटिव्हमध्ये एक उणीव होती. कागदाचे तंतू चित्रात उतरत आणि चेहरा जरा लोकरीसारखा दिसे. काच वापरावी हे सगळ्यांना सुचत होते, पण गुळगुळीत काचेवर रसायन चिकटवायचे कशाने? अंड्यातला पांढरा बलक वापरून पाहिला गेला. चित्र सुरेख येई, पण इतक्या सावकाश, की माणसाचा फोटो काढणे अशक्य.

इथे आपल्या कथेत फ्रेडरिक स्कॉट आर्चर येतो. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटणारा माणूस तोच. खाटकाचा मुलगा. लंडनमध्ये चांदीच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली, तिथल्या नाण्यांवरचे चेहरे पाहता पाहता मूर्तिकामाकडे वळला. समोर बसलेल्या माणसाचा पुतळा घडवताना आधार म्हणून फोटो हवा, एवढ्यासाठीच तो टॅलबटची पद्धत शिकला. कागदाचा खरबरीतपणा मूर्तिकाराच्या डोळ्याला खुपला. मग १८४८ पासून त्याचे प्रयोग सुरू झाले.

तेव्हा शल्यवैद्यांच्या हाताशी कलोडियन नावाचा एक नवा पदार्थ आला होता. आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला, की मधासारखा द्रव होतो. जखमेवर लावला की ईथर उडून जाते आणि पारदर्शक पापुद्रा उरतो. डॉक्टर तो जखमेवर लावत, आर्चरने तो काचेवर ओतला. फोटोग्राफीसाठी कलोडियन वापरण्याचा विचार फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यानेही बोलून दाखवला होता. पण ज्याने कोणीही उठून काम सुरू करावे अशी नेमकी कृती आर्चरने दिली, ती मार्च १८५१ मध्ये ‘द केमिस्ट’ या नियतकालिकात छापून.

कृती अशी. काच आरशासारखी पुसायची. तिच्या मध्यभागी कलोडियन ओतायचे आणि काच तिरपी करत एकेका कोपऱ्याकडे नेऊन उरलेले बाटलीत परत घ्यायचे. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच अंधारात आणून धुवायची. धुण्यासाठी पुढे आपले हिराकसही चालू लागले. काच वाळली की खेळ खलास, म्हणून सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांत उरकायचे. त्याच्या बदल्यात काचेसारखे स्वच्छ निगेटिव्ह मिळे, त्यावरून हव्या तितक्या प्रती निघत आणि चांगल्या उजेडात काही सेकंदांत काम होई.

आर्चरने पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने वापरावे. लंडनपासून कोलकात्यापर्यंत फोटो स्टुडिओंची दुकाने उभी राहिली ती या काचेवर. तरीही टॅलबटचे म्हणणे होते, की अदृश्य चित्र रसायनाने वर आणणे हा माझा शोध, म्हणून कलोडियन वापरणाऱ्यांनीही माझा परवाना घ्यावा. डिसेंबर १८५४ मध्ये मार्टिन लारोश या फोटोग्राफरविरुद्धचा त्याचा खटला उभा राहिला. ज्युरीने निवाडा मोठा समतोल दिला. टॅलबट हा त्याच्या पद्धतीचा खरा शोधक आहे, पण लारोशने त्याचे पेटंट मोडलेले नाही. टॅलबटने मग पेटंटची मुदत वाढवून घेण्याचा नाद सोडला आणि ओली काच सर्वांसाठी खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

टॅलबटला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे पदरचा पैसा आणि आयुष्य ओतले, त्याचा मोबदला त्याने मागितला. कायद्याने तो हक्क त्याला दिला होता. पण शेजारी आर्चरचा हिशेब मांडून पाहावा. १ मे १८५७ रोजी तो चाळिशीतच, जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला. पुढच्या वर्षी पत्नीही गेली. मुलांसाठी फोटोग्राफर मंडळींनी वर्गणी गोळा केली आणि सरकारने वर्षाला पन्नास पौंडांची पेन्शन दिली. ज्यांच्या घरी त्या काचेवर लक्ष्मी आली, त्यांच्या वर्गणीतून आर्चरच्या घरची चूल पेटायची होती. कष्टाचे मोल आणि कष्टाची मिळकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून रोखठोक उदाहरण मला ठाऊक नाही.

आर्चरच्या काचेची लाट आपल्याकडे फार लवकर पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कोलकाता आणि मद्रासच्या अशा संस्था त्यानंतरच्या. अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन करणारे डॉ. भाऊ दाजी लाड या मुंबईच्या संस्थेशी निगडित होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतःच उत्तम फोटोग्राफर. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून वैद्यक शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीतले हे डॉक्टर, त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांची छायाचित्रे घेतली. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्गही निघाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांची छायाचित्रे १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत गेली. दागेरची कृती जाहीर होऊन तीस वर्षेही झाली नव्हती.

पण इथल्या उन्हात ओली काच म्हणजे परीक्षाच होती. ईथर बघता बघता उडून जाई, काच वेळेआधी वाळे, तंबूतल्या अंधारात रसायनांच्या वाफेने जीव कोंडे. सॅम्युएल बोर्न हा फोटोग्राफर १८६३ मध्ये भारतात आला. हिमालयात तो तीनदा गेला. दर खेपेला काचा, बाटल्या, अंधाराचा तंबू आणि पाण्याची भांडी वाहणाऱ्या डझनावारी हमालांचा तांडा सोबत असे. १८६६ च्या स्वारीत त्याने मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, ओल्या काचेवर फोटो घेतले. फोटोवर नाव बोर्नचे. त्या पेट्या पाठीवरून वर नेणाऱ्या हमालांची नावे त्या फोटोंवर नाहीत, पण एखादी काच वाटेत फुटली असती, तर ते चित्र आपल्यापर्यंत आलेच नसते.

आणि अजिंठ्याचा रॉबर्ट गिल. मराठी वाचकांना तो त्याच्या आणि पारोच्या कहाणीमुळे माहीत आहे. आपण आज त्याच्या कामाकडे पाहू. मद्रास लष्करातला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमला गेला. अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून वर्षानुवर्षे त्याने मोठमोठी तैलचित्रे रंगवून लंडनला पाठवली. डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतली बहुतेक चित्रे जळून गेली. जवळजवळ वीस वर्षांचे काम एका रात्रीत राख झाले.

दरम्यान, १८५६ पासून गिल फोटोग्राफीही करू लागला होता. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लंडनमध्ये निघाली. कॅनव्हास एकच असतो. काचेवरच्या निगेटिव्हवरून मात्र अनेक प्रती निघतात आणि त्या वेगवेगळ्या घरांत जाऊन बसतात. म्हणून अजिंठ्याचे गिलने पाहिलेले रूप काही प्रमाणात तरी वाचले. त्या रात्रीनंतर गिल थांबला नाही. साठीच्या पुढचा हा माणूस पुन्हा लेण्यांत जाऊन प्रतिकृती करू लागला. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आर्चर आणि गिल एकमेकांना ओळखत नव्हते. पण लंडनमध्ये एकाने फुकट देऊन टाकलेली काच खानदेशच्या सीमेवर दुसऱ्याच्या कष्टाला धरून राहिली, हा संबंध मला मोलाचा वाटतो.

ओल्या काचेपासून सुटका केली तीही एका डॉक्टरने. रिचर्ड मॅडॉक्स यांना सूक्ष्मदर्शकातून फोटो घेण्याचा छंद होता आणि ईथरच्या वाफेने त्यांची प्रकृती बिघडत असे. कलोडियनला पर्याय म्हणून त्यांनी तांदूळ, साबुदाणा, जवस असे स्वयंपाकघरातले काय काय चिकट पदार्थ करून पाहिले. शेवटी जेलीसाठी वापरतात ते जिलेटिन उपयोगी पडले. सप्टेंबर १८७१ मध्ये त्यांनी ही कृती छापली आणि सांगितले, की मला पुढे प्रयोग करायला सवड नाही, इतरांनी करावेत. पेटंट त्यांनीही घेतले नाही. सात वर्षांनी चार्ल्स बेनेट याने दाखवून दिले, की हे मिश्रण काही दिवस कोमट ठेवले तर कितीतरी पटींनी तरतरीत होते. मग सेकंदाच्या अंशात फोटो निघू लागले. काच कोरडी झाली, कारखान्यात तयार होऊन खोक्यातून मिळू लागली.

तशा काचा बनवणाऱ्यांत अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावचा जॉर्ज ईस्टमन होता. दिवसा बँकेत नोकरी, रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायने. धंदा जरा उभा राहतो न राहतो तोच १८८२ मध्ये त्याच्या काचा अचानक निकामी निघू लागल्या. कृती तीच, माणसे तीच, तरी चित्र उमटेना. विकलेला खराब माल परत घेऊन, कारखाना बंद ठेवून, शेकडो प्रयोग करूनही कारण सापडेना. शेवटी इंग्लंडला जाऊन आल्यावर उलगडा झाला, की दोष जिलेटिनच्या नव्या मालात आहे. पण एका जिलेटिनमध्ये असते आणि दुसऱ्यात नसते असे काय? हे कळायला आणखी चाळीस वर्षे गेली. १९२५ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवले, की जिलेटिनमधला गंधकयुक्त पदार्थाचा अत्यल्प अंश चांदीला तरतरी आणतो. जिलेटिन गुराढोरांच्या कातडी-हाडांपासून बनते, आणि तो अंश आला होता गुरांनी चरताना खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या रोपांतून! गायींना मोहरी आवडली नसती तर सिनेमा निघाला नसता, असे त्या प्रयोगशाळेत गमतीने म्हणत.

योगायोग म्हणावा, तर यापेक्षा मोठा कोणता? पण गायी हजारो वर्षे मोहरी खातच होत्या. ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण काचा का बिघडल्या या प्रश्नाला चिकटून बसणारे कोणी नव्हते.

सिनेमाचे नाव निघाले म्हणून शेवटी आपल्या घरचे एक उदाहरण सांगतो. धुंडिराज गोविंद फाळके हे मुळात फोटोग्राफर. जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन इथे शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ काढून बसलेले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी केलेले. सिनेमा काढायचा म्हणून रोज चित्रपट पाहणे आणि रात्री जागून प्रयोग करणे यांत त्यांची दृष्टी काही काळ गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा एक दाणा लावला. समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत महिन्याहून अधिक काळ तो तसाच ठेवला. कोंब फुटला, वेल वर चढला, आणि ते सगळे मिनिट-दीड मिनिटाच्या फितीत पडद्यावर आले. ‘अंकुराची वाढ’. ती पाहून पैसे लावणारे भेटले. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडण्याचे काम घरातली सगळी आवराआवर झाल्यावर सरस्वतीबाई अंधारात बसून करत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला.

वाटाण्याचा वेल वाढताना आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. म्हणजे पाहिलेला नसतो, कारण तो इतका सावकाश वाढतो, की वाढ डोळ्याला दिसत नाही. फाळक्यांनी ती दिसेपर्यंत कॅमेरा हलवला नाही.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. पापणी लवायच्या आत चित्र तयार असते आणि हे चांगलेच आहे. आर्चरलाही ते आवडले असते. पण गावोगावच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर, वाड्यांच्या ट्रंकांत, काचेच्या निगेटिव्ह अजूनही सापडतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कडा उडालेल्या, आजोबा-पणजोबांच्या चेहऱ्यांच्या. घर आवरताना त्या भंगारात जातात. एखादी हाती लागली, तर फेकण्यापूर्वी कडेला धरून एकदा खिडकीच्या उजेडात धरून पाहावी. उलट्या काळ्या-पांढऱ्या छटांमध्ये एक चेहरा दिसेल. काच फार जुनी असेल, तर कोपऱ्याशी द्रव ओघळल्याची लाट किंवा ती हातात धरणाऱ्याच्या अंगठ्याची खूणही दिसेल. ती कोणाची, हे कळणार नाही. पण कोणीतरी अंधारात उभे राहून ती काच वाळू न देता धरली होती, एवढे त्या खुणेवरून नक्की कळते.